गुड नाइट, त्रिनिदाद

श्रोतेहो, नमस्कार.

त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, उतरलो त्या संध्याकाळी पाण्याची बाटली घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो, तर मालकीणबाई म्हणाल्या, "गुड नाइट!" मला वाटलं, दुकान बंद झालं. मुकाट्याने मागे फिरलो. नंतर कळलं, त्रिनिदादमध्ये अंधार पडल्यावर भेटताक्षणी 'गुड नाइट'च म्हणतात. उद्धट मीच ठरलो होतो.

सकाळी न्याहारीला डबल्स. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यावर छोल्यांची रसभाजी, कागदात गुंडाळून. पुरीला तिथे 'बारा' म्हणतात. आकडा नव्हे हो, आपल्या बड्याचाच कुणी भाऊबंद. गाडीवाला विचारतो, "पेपर?" म्हणजे कागद नव्हे, मिरचीचं तिखट. जाणते लोक 'स्लाइट', म्हणजे किंचित, म्हणतात. मी पडलो कोल्हापूरचा! म्हटलं, घाल सढळ हाताने. पुढे बराच वेळ मी कुणाशीच बोललो नाही.

चग्वानासला जाताना मॅक्सीत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, मागच्या बाकावरची मुलगी फोनवर 'आजी' म्हणाली आणि मी चमकून वळलो. बाकी सगळं बोलणं इंग्रजीत. ही आजी भोजपुरी, फक्त वडिलांची आई. आईची आई ती नानी. ३० मे १८४५ला 'फतेल रझाक' जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन इथे लागलं. १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशीच उसाच्या मळ्यांवर आली. भाषा गेली, नाती राहिली.

पुढे वॉटर्लूला समुद्रातलं देऊळ पाहिलं. शिवदास साधू नावाच्या मजुराने आधी ते साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलं होतं. कंपनीने पाडलं, वर त्यालाच तुरुंगवास. सुटल्यावर गडी म्हणाला, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना? मग सायकलवरून दगडमाती वाहून त्याने वर्षानुवर्षं पाण्यात भर घातली. आजची इमारत १९९५ची, रंगीत, जरा भडकच. माझी नजर मात्र बांबूंवरच्या लाल-पिवळ्या झेंड्यांवर आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर खिळली. त्या चिखलातून भरली टोपली न्यायची म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावरच उमगतं.

परतताना अंधार पडला होता. हिरव्या पट्ट्याच्या मॅक्सीत चढलो आणि मोठ्याने म्हणालो, "गुड नाइट!"

अख्ख्या गाडीने उत्तर दिलं.