अ‍ॅक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताय? सुई लावण्याआधी हे ऐका

[हातात सुई, कॅमेऱ्याजवळ]

ही सुई बघा. दिसते का? थांबा, अजून जवळ आणते. हिची जाडी आहे पाव मिलिमीटर. लॅबमध्ये रक्त काढायला जी सुई वापरतात ती साधारण हिच्या तिप्पट जाड असते आणि आतून पोकळ असते, कारण तिच्यातून रक्त यायचं असतं. ही भरीव आहे. हिच्यातून औषध जात नाही, काही बाहेर येत नाही.

नमस्कार. मी सोलापुरात गेली १४ वर्षं अ‍ॅक्युपंक्चर करते. पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "दुखतं का हो?" त्या धास्तीत बाकीचं विचारायचं आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज दुखण्याचं आधी उरकून टाकते.

[डावा हात पुढे]

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हा मांसल उंचवटा. ह्या जागेला चिनी भाषेत हेगू म्हणतात. त्वचा स्पिरिटने पुसायची, ही बारीक प्लास्टिकची नळी उभी ठेवायची, सुईचं शेपूट नळीच्या वर जरासं डोकावतं, त्याच्यावर एक टिचकी. झालं. मुंगी चावल्याएवढं वाटलं, तेही क्षणभर. आता मी नळी काढते आणि सुई हळूहळू आत घेते. इथे मात्र काहीतरी जाणवायला लागतं. आतून कुणी बोट दाबून धरल्यासारखं, जड, थोड्या मुंग्या. चिनी लोक ह्याला 'दे ची' म्हणतात. हे जाणवलं तर घाबरू नका.

पण चटका बसल्यासारखी किंवा करंट लागल्यासारखी कळ गेली, तर लगेच बोला. सुई जराशी मागे घेतली की ती थांबते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे सोसायची फार सवय. विशेषतः बायका. २० मिनिटं दात-ओठ खाऊन पडून राहतात आणि जाताना म्हणतात, "तेवढं चालायचंच." नाही चालायचं. सुया १५ ते ३० मिनिटं ठेवतात, तेवढा वेळ तुम्हाला निवांत पडता आलं पाहिजे. अनेकांना झोप लागते.

आता जे महत्त्वाचं आहे त्याकडे येते. मी आत्ता दाखवलेल्या जागेवरच, हेगूवर, गर्भवती बाईला मी सुई लावत नाही. पोटाच्या खालच्या भागातल्या आणि घोट्याजवळच्या काही जागाही परंपरेने टाळतात. पण बाईने सांगितलंच नाही तर मला कळणार कसं? पाळी चार दिवस पुढे गेली असेल, अजून घरात कुणाला बोलला नसाल, तरी टेबलावर पडण्याआधी ते माझ्या कानावर घाला.

तसंच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं. हृदयाची झडप बदललेली असेल, स्टेंट टाकलेला असेल, वॉरफरिन किंवा तसलं काही चालू असेल, तर ते सांगायचं, आणि ती गोळी माझ्यासाठी परस्पर बंद करून यायचं नाही. मी सुया कमी लावीन, खोल जाणार नाही, काढल्यावर कापूस जास्त वेळ दाबून धरीन. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरल्या असतील तर सरळ दोन आठवडे थांबा. पेसमेकर असेल तर सुयांना वायरी जोडून जो विजेचा हलका प्रवाह देतात, तो घ्यायचा नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई नको. आणि मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर मोक्सा, म्हणजे ती जळती वनस्पती जवळ धरून शेक देतात ना, तो पायाला घेऊ नका. चटका लागलेला कळत नाही आणि तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. घरातली सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून आणा. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि उपाशी येऊ नका. हे मी माझ्या चुकीतून शिकले आहे.

सुरुवातीच्या वर्षांत एक काकू गुडघ्यासाठी आल्या. आषाढी एकादशीचा दिवस. पंढरपूर आमच्या शेजारी, इथे त्या दिवशी कोण जेवतं? काकूंचा तर निरंकार उपवास होता. ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चौथी सुई लावली आणि त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसले. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "बाई, दिवे कुणी घालवले?" दिवे चालू होते. मी सगळ्या सुया काढल्या, पायाखाली दोन उशा सरकवल्या, खिडकी उघडली. मिनिटभरात त्या भानावर आल्या. साखरपाणी पुढे केलं तर एकादशी मोडेल म्हणून तोंड फिरवलं, मग विठोबाचं नाव घेऊन दोन घोट घेतले. सुईच्या भीतीने किंवा टोचण्याने रक्तदाब एकदम खाली येतो, त्याची ही चक्कर. झोपलेल्या होत्या म्हणून पडण्याचा प्रश्न आला नाही. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न आहे, "आज काय खाल्लं?" आणि पहिल्या सिटिंगला मी कुणालाही बसवून सुया लावत नाही. तुम्हीही आडवं पडूनच घ्या. दोन तास आधी पोहे, भाकरी, जे रोजचं असेल ते खाऊन या. पोट तट्ट भरूनही नको. कपडे असे घाला की गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत सहज वर सरकतील.

जागा कशी पारखायची? सुयांचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे. एकदा वापरलेली सुई परत कुणालाही नाही, तुम्हालासुद्धा नाही. "तुमच्या नावाची डबी ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू" असं कुणी म्हणालं तर उठून या. हिपॅटायटिस बी अशाच वाटेने पसरतो. काढलेल्या सुया पांढरट, आरपार दिसणाऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जायला हव्यात. किती लावल्या आणि किती काढल्या हे मोजायला लाजू नका. केसात लावलेली एखादी राहून जाऊ शकते, आणि पेशंटने मोजली तर मला मदतच होते. पाठीवर आणि खांद्यावर सुई लावताना विचारा, किती खोल जाणार. तिथे खाली फुप्फुस असतं. सुई फार खोल गेली तर त्याला भोक पडू शकतं. हे फार क्वचित होतं, पण घरी गेल्यावर छातीत दुखलं किंवा दम लागला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. एवढं मी प्रत्येकाला सांगते. सुईच्या जागी रक्ताचा ठिपका किंवा छोटासा काळानिळा डाग मात्र अनेकदा दिसतो, तो चार-सहा दिवसांत जातो.

भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्रही बघा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा. त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ह्या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट म्हणजे नोंदणी नव्हे.

सोलापूरचं नाव निघालं की लोक म्हणतात, डॉ. कोटणीसांनी ही विद्या चीनमधून आणली. तसं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे, शल्यचिकित्सक होते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जखमी सैनिकांची ऑपरेशनं करता करता १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिकडेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमाराला त्यांनी ते भारतात सुरू केलं. कोटणीसांचं श्रेय त्यांच्या स्वतःच्या कामाचं आहे आणि ते खूप मोठं आहे.

बरं, गुण येतो का? माझं पोट ह्याच्यावर चालतं, म्हणून मी जास्तच सांभाळून उत्तर देते.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटांवर एक चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीन गट केले. एका गटाला रीतसर अ‍ॅक्युपंक्चर. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया, पेशंटला न सांगता. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक, दुसऱ्यात ४४.२ टक्के, तिसऱ्यात २७.४ टक्के. म्हणजे सुया घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं. पण बरोबर जागा आणि चुकीची जागा यांत फरक जवळजवळ नव्हता. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. जागा पाठ करण्यात माझी वर्षं गेली होती. तरी आकडे हेच आहेत, आणि ते तुम्हाला माहीत असावेत असं मला मनापासून वाटतं. निव्वळ टोचण्याने शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटत असतील, अर्धा तास कुणीतरी तुमच्याकडे लक्ष देतं त्याचाही वाटा असेल.

म्हणूनच मी ह्याच्याकडे दुखण्यावरचा जोड-उपचार म्हणून बघते. अर्धशिशीचे झटके कमी करायला, ताणाने डोकं दुखतं त्याला, मानेला, गुडघ्याला फरक पडलेले पेशंट मला भेटतात आणि अभ्यासही त्या बाजूने आहेत. तरी एकमत नाही. इंग्लंडची सरकारी मार्गदर्शक संस्था अर्धशिशीत गोळ्या चालत नसतील तर अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करा म्हणते, आणि तीच संस्था कंबरदुखीला ते नको म्हणते. आयव्हीएफ करणाऱ्या ८४८ बायकांवरचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात मूल होण्याच्या प्रमाणात काही फरक दिसला नाही. तेव्हा त्या नावाखाली पैसे भरू नका. शुगर जाईल, बीपीच्या गोळ्या सुटतील, असं सांगणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका. इन्सुलिन बंद करून माणसं जिवानिशी गेली आहेत.

आणि दुखतंय ते नक्की काय आहे, हे आधी कळू द्या. मध्यंतरी एक गृहस्थ डावा खांदा धरून आले. मी विचारलं, कधी दुखतो? म्हणाले, जिना चढताना, थांबलं की थांबतो. खांदा हलवून पाहिला, व्यवस्थित फिरत होता. मी पाकीट फोडलंच नाही, रिक्षा बोलावली आणि ईसीजीला पाठवलं. ते रागावले, इतक्या लांबून आलो आणि परत पाठवता. दुखणं हृदयाचं निघालं. कंबर दुखतेय आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, डोकं अचानक कधी नव्हे इतकं ठणकलं, तोंड वाकडं झालं, तर आमच्याकडे यायचंच नाही. थेट हॉस्पिटल.

सिटिंग किती? साधारण आठवड्यातून एक-दोन, अशा ६ ते १०. ४० सिटिंगचं पॅकेज आधी पैसे भरून घेऊ नका. पाच-सहा सिटिंगमध्ये तसूभरही फरक नसेल तर तिथेच थांबा आणि तसं मला तोंडावर सांगा. फरक ओळखण्यासाठी घरातलं कॅलेंडर वापरा. दुधाचा हिशोब लिहितो ना आपण चौकटीत, तिथेच रोज रात्री दुखण्याचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. आठवणीवर भरवसा ठेवला तर चांगल्या दिवशी सगळं बरं वाटतं आणि वाईट दिवशी सगळं फुकट.

त्या एकादशीच्या काकू परत आल्या होत्या, दुसऱ्याच आठवड्यात. दारातूनच म्हणाल्या, "पिठलं-भाकरी खाऊन आलेय, विचारू नका." दहा सिटिंग झाल्या. कॅलेंडरच्या पानांवर 'दूध १ लि.'च्या खाली त्यांचे आकडे होते. आठ, आठ, सात, मग मधेच एक नऊ, त्याच्यापुढे लिहिलं होतं 'लग्न, जिने'. शेवटच्या पानावर चार आणि पाच. त्याच्या खाली आकडा गेला नाही. मी म्हटलं, आता सुया थांबवू, मांडीचे व्यायाम चालू ठेवा. काकूंनी पानं घडी करून पिशवीत ठेवली आणि जिना उतरल्या, कठडा धरून, पण एकेक पाय न थांबवता.