अंगठीत सोनं नेमकं किती?

(गुजरीतलं दुकान. काट्यावर माणकाची अंगठी.)

कोल्हापूरची गुजरी, सराफांची पेठ. काट्यावर २२ कॅरेटची अंगठी: ६.२० ग्रॅम. हे खड्यासकट वजन, आणि भाव तर सोन्याचाच धरायचा. खडा काढून बघावा, तर त्याला धरणाऱ्या नख्या उचकटताना एखादी तुटतेच.

त्यापेक्षा पाणी बरं.

काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. अंगठी बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तशीच अधांतरी धरायची. तळाला टेकली की सगळं फुकट. काटा दाखवतो ०.४६ ग्रॅम: अंगठीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. घनसेंटिमीटरभर पाणी एक ग्रॅम भरतं. म्हणजे अंगठीचं आकारमान ०.४६ घनसेंटिमीटर.

आता हिशेब. माणकाची घनता घनसेंटिमीटरला ४ ग्रॅम, या सोन्याची साधारण १७.७. अख्खी अंगठी माणकाची असती, तर भरली असती १.८४ ग्रॅम. भरली ६.२०. वरचे ४.३६ ग्रॅम सोन्यामुळे. दोन्ही घनतांमधला फरक १३.७, त्याने ४.३६ ला भागून १७.७ ने गुणलं की सोनं ५.६३ ग्रॅम. उरलेला खडा ०.५७ ग्रॅम, म्हणजे सुमारे २.८ कॅरेट. (खड्याचा कॅरेट हे वजन, ०.२ ग्रॅमचं, सोन्याचा कॅरेट हा कस. गिऱ्हाईक इथंच गोंधळतं.)

(पाण्यातली अंगठी, अगदी जवळून. खड्यामागे बुडबुडा.)

हा बुडबुडा बघा. आकड्यात ०.०१ ची भर पडली, की हिशेबात सोनं ०.०५ ग्रॅमने घटतं. आधी अंगठी साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासायची; खड्यामागचा मळही निघतो. काटा मिलिग्रॅमचा असेल तर उत्तम.

९१६ चा शिक्का कस सांगतो: हजारात ९१६ भाग शुद्ध. ५.६३ मधलं शुद्ध सोनं ५.१६ ग्रॅम. खडा वगळून निव्वळ वजन मात्र तो सांगत नाही; ते बिलावर वेगळं लिहून घ्यायचं.

(कोल्हापुरी साज.)

साजापुढं ही युक्ती चालत नाही. पत्रा सोन्याचा, पोटात लाख, वर माणिक-पाचूच्या पानड्या. सोनं, लाख, खडे असे तीन जिन्नस, आणि हाती आकडे दोनच. नवा साज घेताना लाख भरण्याआधीचं वजन विचारायचं. जुना मोडीत काढताना आधी खडे उतरवायचे, मग आच द्यायची. पाचू आचेत तडकतो. लाख वितळून गेली, पत्रा साफ झाला, की मगच काटा.