पत्र्यावर माणूस चढवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. एखादा वळीव पडून गेला की गळक्या छपरांची आठवण होते आणि मेअखेरपर्यंत पत्रेवाल्यांना उसंत नसते. याच घाईत माणसं पडतात. छपराच्या कडेवरूनच पडतात असं नाही, पुष्कळदा पत्र्यातूनच खाली जातात.

उन्हापावसात वर्षं काढलेला सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो आणि पाऊल पडताच पापडासारखा मोडतो. त्याहून फसवा उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा. धूळ-शेवाळ धरलं की वरून तो ओळखूच येत नाही. खालून मात्र उजळ दिसतो, म्हणून चढण्याआधी शेडमध्ये फिरून त्याच्या जागा टिपून घ्याव्यात. पाच मीटरवरून माणूस एका सेकंदात जमिनीवर येतो, ताशी ३५ किलोमीटर वेगाने. सावरायला वेळ कुठला?

जुने मिस्त्री सांगतात, बोल्टच्या ओळीवरून चाल, खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, असते. सल्ला खोटा नाही, पण तोल गेला की पाय ओळ सोडतोच. त्यापेक्षा दोन-तीन पर्लिनवर टेकतील अशा लांब फळ्या घ्या. एकीवर उभं राहायचं, दुसरी पुढे सरकवायची. बेल्ट नुसता कमरेचा नको, खांदे आणि मांड्या धरणारा हवा. बेल्ट अंगात आणि हूक मोकळा लोंबतोय, असं तुम्हीही पाहिलं असेल! हूक अडकवायचा दोर कुठे बांधायचा, हे खाली असतानाच ठरवायला हवं.

आता मालकांशी बोलतो. ‘अर्ध्या तासाचं तर काम’ म्हणत आपण माणूस वर चढवतो, फळी-दोराचे पैसे मात्र मजुरीत धरत नाही. मोठ्या साइटवर निदान सेफ्टीवाला फिरतो. किरकोळ दुरुस्तीवर विचारणारं कोण? तुम्हीच.

कामगार बांधवांनो, वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम झालं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. बांधकाम खर्चावरचा १ टक्का उपकर तुमच्यासाठीच गोळा होतो.

आणि कुणी पडलंच, तर हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. मणका दुखावला असेल, तर अशा उचलण्यानेच पाय कायमचे जाऊ शकतात. मान हलू देऊ नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडीला वाट दाखवायला एकाला रस्त्यावर उभं करा.