धावत्या हाताचा टाइप

मंडळी, घरी गेल्यावर एवढं करून बघा. गॅरामंडसारखा एखादा चांगला सेरिफ टाइप, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक पट्ट्या असलेला रोमन लिपीचा टाइप घ्या आणि त्याच्या सरळ अक्षरांशेजारी त्याचंच इटॅलिक, म्हणजे कलतं वळण ठेवा. आधी छोटा ‘ए’ बघा. सरळ ‘ए’ दुमजली असतो, खाली पोट आणि वर वळलेली मान. इटॅलिकमध्ये मान नाहीच. आपण हातानं काढतो तसा एकमजली ‘ए’ आहे. ओळीवर उभा असलेला ‘एफ’ शेपूट फुटून ओळीखाली उतरलाय. अक्षरांच्या पायाशी आडव्या पट्ट्या होत्या, तिथं पुढच्या अक्षराकडे निघालेला बारीकसा फराटा आलाय. सरळ अक्षर नुसतं कलतं केलं तर यातलं काहीच होत नाही.

हे वळण घाईनं लिहिणाऱ्या हाताचं आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे निकोलो निकोली लॅटिन ग्रंथांच्या नकला याच धावत्या अक्षरात करायचे. भराभर लिहिताना अक्षर अरुंद होतं, जरा कलतं. व्हेनिसचे मुद्रक आल्दो मानुत्सिओ यांनी त्या वळणाचे छपाईचे खिळे फ्रान्चेस्को ग्रिफोकडून कोरून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिलचं काव्य अथपासून इतिपर्यंत त्यात छापलं. हातात मावेल एवढंच पुस्तक! त्यातली कॅपिटल अक्षरं मात्र ताठ उभीच होती. कल फक्त छोट्या अक्षरांना. थोड्याच काळात फ्रान्समधल्या लियॉनच्या छापखान्यांनी त्याच्या नकला काढल्या.

सरळ मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून इटॅलिक वापरायची रीत नंतरची. आज ग्रंथांची नावं, जहाजांची नावं, परभाषेतले शब्द त्यात जातात. आंब्याचं शास्त्रीय नाव, मँजिफेरा इंडिका, रोमन लिपीत इटॅलिकमध्येच छापतात. कवितेच्या चार ओळींनाही ते शोभतं. पानंच्या पानं मात्र लावू नका, डोळा थकतो.

आता आपल्याकडे या. परवा एका लग्नपत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’ बटण दाबून तिरकं केलेलं पाहिलं. शिरोरेघ तशीच आडवी आणि सगळे काने एका बाजूला पडायला आलेले. मला खरंच वाईट वाटलं. बालबोध अक्षर त्या शिरोरेघेला टांगलेलं असतं, त्याचा तोल उभ्या कान्यावर. तो ढकलला की अक्षराचा डौल जातो. शब्द वेगळा दाखवायचा तर अवतरणचिन्ह आहे, जाड ठसा आहे.

आणि धावतं वळण हवंच असेल तर ते आपल्या दप्तरांत पडून आहे: मोडी. कारकून आधी ओळभर रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात शिरायचा. मराठी इटॅलिक कोरायला बसणाऱ्यानं आधी ते कागद समोर ठेवावेत, ती गोल वळणं हातानं गिरवावीत, आणि मगच संगणक उघडावा.