डोक्यातली दुखरी गाठ

केसांतून कंगवा फिरवताना एका जागी कळ येते. बोट लावून बघितलं तर तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागते. मग बहुतेकांचं बोट तिथून निघतच नाही. दाबून बघायचं, खपली काढायची, घरात कुणाला तरी ‘फोड बरं जरा’ म्हणायचं. मंडळी, आज माझी पहिली विनंती हीच, की तो हात आवरा. डोक्यावरची दुखरी गाठ हा एक आजार नाही. ती केसतोड असेल, बुरशी असेल, नागीण असेल. एकीचा उपचार दुसरीला लावला, तर नुकसान होतं.

सगळ्यात जास्त दिसते ती केसतोड. डोक्यावर लाखभर केस असतात आणि प्रत्येकाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी. घाम, घर्षण, खाजवून झालेली बारीक जखम यांतून जंतू मुळात शिरतात. हे बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतल्या पुवात ते १८८० च्या सुमारास दाखवून दिले. हे जंतू कित्येक निरोगी माणसांच्या नाकातही मुक्कामाला असतात. आपल्याकडे मे महिन्यात गळवं वाढली की दोष आंब्याला जातो. आंब्याचा त्यात काही अपराध नाही, घाम आणि उकाडा पुरेसे आहेत.

केसतोड दाबली की पू बाहेर येतो तसा आतही पसरतो. शिवाय डोक्याच्या कातडीतल्या काही शिरा कवटीतून आरपार जाऊन मेंदूभोवतीच्या शिरांना मिळतात. त्या वाटेने संसर्ग आत जाणं विरळच, पण गेला तर जिवावर बेततं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा ठेवा. लहान केसतोड बहुतेकदा एवढ्याने निवळते. चुना, तंबाखूची पूड, टूथपेस्ट यांतलं काही लावू नका, कातडी भाजते. गाठ मोठी, मऊ, ठणकणारी झाली तर ती डॉक्टरच कापतील. ताप आला, डोळ्याभोवती सूज उतरली किंवा डोकं असह्य दुखू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गळवं पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाचा पत्ता कधी कधी असाच लागतो.

कपाळाच्या कडेला, मानेवर बारीक, सारख्या दिसणाऱ्या, दुखण्यापेक्षा जास्त खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या, तर संशय मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, घ्यायचा. ती कातडीवर राहते आणि तेलावर पोसते. मला तेलाशी वैर नाही, पण पुटकुळ्या असताना चंपी बंद. डॉक्टरांच्या सल्ल्याने २ टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावायचा आणि ५ मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावल्या लावल्या धुतला तर तो वाया जातो. हेल्मेट मात्र सोडू नका, आतून रोज धुतलेला सुती रुमाल बांधा.

आता लहान मुलांविषयी. इथे मला जरा थांबायचंय. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मऊ, फुगलेली सूज येते, तिच्यातून ठिकठिकाणी पू झिरपतो, मानेमागे गाठी येतात. बघणाऱ्याला ते गळूच वाटतं. मग ते कापलं जातं, पू फारसा निघत नाही, अँटिबायोटिक सुरू होतं आणि आठवडे जातात. खरं तर तो पुष्कळदा केरिऑन असतो, म्हणजे गजकर्णाच्या बुरशीविरुद्ध शरीराने दिलेला जोरदार लढा. खूण अशी, की त्या जागचे केस हलक्या चिमटीने, न दुखता हातात येतात. बुरशी दुसऱ्या मुलाकडून येते, तशीच मांजराच्या पिल्लाकडून किंवा गोठ्यातल्या वासराकडूनही.

मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पोटात गोळ्याच द्याव्या लागतात. ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, काही आठवडे, मधे न सोडता. ग्रिसिओफल्विन स्निग्ध अन्नाबरोबर चांगलं शोषलं जातं, म्हणून दुधासोबत किंवा जेवणानंतर द्या. १९५० च्या दशकाअखेरीस हे औषध येण्याआधी मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून केस गाळत असत, आणि त्यातल्या काहींना पुढे मेंदूच्या गाठी झाल्या. आज साधी गोळी हाताशी आहे. ती उशिरा मिळाली म्हणून एखाद्या पोराच्या डोक्यावर कायमचं टक्कल राहावं, हे मला सहन होत नाही.

दुसरा घात नागिणीत होतो. कपाळाच्या आणि डोक्याच्या एकाच बाजूला आग होते, दोन-तीन दिवसांनी पाण्याच्या फोडांचे पुंजके उठतात आणि ते मधली रेषा सहसा ओलांडत नाहीत. हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, मज्जातंतूत दडून बसलेला. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे. धोका आहे तो डोळ्याला. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवा. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या उत्तम. मंत्र घालण्यात आणि गेरूचा लेप देण्यात नेमके तेच तास जातात.

वर्षानुवर्षं असलेली, गुळगुळीत, न दुखणारी गाठ अचानक दुखू लागली तर ती बहुधा सूज आलेली सिस्ट, म्हणजे कातडीखालची पिशवीसारखी गाठ, असते. सूज उतरल्यावर ती पिशवीसकट काढतात.

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असलेली ट्यूब मात्र कुठेच लावू नका. दोन दिवस खाज थांबते, बुरशी आतल्या आत पसरते आणि तपासणीत ओळखूही येत नाही. आधीच लावली असेल तर लपवू नका, ती ट्यूब घेऊन या. येताना डोक्याला तेल, हळद, मेंदी काही नको. मूल असेल तर घरातल्या बाकीच्या मुलांनाही सोबत आणा, त्यांचीही डोकी बघावी लागतात.