आरोप माइकवर, माफी दाराआड

जय ख्रिस्त. मागे आवाज येतोय ना? जरा पुढे येऊन बसा, निम्मी बाकं रिकामी आहेत आणि आजचा विषय ओरडून बोलायचा नाहीये.

विषय दिलाय, चर्चच्या मंडळीत कुणी चुकलं तर पुढाऱ्याने त्याला कसं सावरावं. बायबलमधलं मत्तय 18, वचन 15 ते 17, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे: आधी एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. पाठ आहे, पण आपण बहुतेक वेळा शेवटच्या पायरीवरच आधी पाय ठेवतो. यावर एक गोष्ट सांगतो, लांब आहे पण मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मी नवीनच कमिटीवर आलो होतो. अर्पण मोजायला विशीतला एक मुलगा असायचा, नाण्यांच्या दहा-दहाच्या चवडी लावायचा आणि एखादी चवड कलंडली की सगळं पहिल्यापासून मोजायचा. तीन रविवारचा हिशोब जुळेना. मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या एका पुढाऱ्याने, उपासना संपताना, सूचना देता देता, माइकवर सांगितलं की देवाच्या पैशाला कुणाचे तरी हात लागलेत. नाव घेतलं नाही, गरजच नव्हती, अख्खी मंडळी वळून त्या मुलाकडे बघायला लागली आणि त्याच्या आईने गीतपुस्तक उघडून त्यात मान घातली, शेवटचं गीत केव्हाच संपलं होतं तरी. दोन आठवड्यांनी कळलं, ते पैसे चुकून बांधकाम फंडाच्या वहीत चढवले होते. दुसरी वही आधी उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. नीतिसूत्रांच्या 18व्या अध्यायात सरळ लिहिलंय, ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देणं मूर्खपणा आहे, आणि त्याच अध्यायात पुढे, पहिला बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन त्याला तपासेपर्यंत.

बरं, मग माफी? दोघं जण संध्याकाळी त्याच्या घरी गेले, दार लोटून घेतलं, हळू आवाजात सॉरी म्हणाले आणि चहा पिऊन आले. आरोप माइकवर आणि माफी दाराआड! मला याचा आजही राग येतो, आणि त्या सभेत मीही गप्प बसलो होतो याचं वाईट जास्त वाटतं. तो मुलगा परत आला नाही.

आता माझा आवडता मुद्दा. गलतीकरांस 6:1 मध्ये आपल्याकडे 'ताळ्यावर आणा' असं आहे. ताळ्यावर आणणं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं? छडी. पण मूळ ग्रीक शब्द आहे कातार्तिझो, आणि हाच शब्द मत्तय 4:21 मध्ये आलाय, जिथे याकोब आणि योहान बापाबरोबर तारवात बसून जाळी नीट करताहेत! जाळं सांधणारा माणूस बघा, ते मांडीवर घेतो, कुठे फाटलंय ते बोटांनी चाचपतो, तेवढीच भोकं विणतो आणि जाळं परत पाण्यात घालतो. फाटलं म्हणून बाकीच्या कोळ्यांना बोलावून दाखवत नाही. आणि गलतीकरांसच्या त्याच वचनात, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच सांगतो, स्वतःकडेही लक्ष दे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

दोन-तीन साक्षीदार ही अट अनुवाद 19:15 पासून आहे, ती आरोप झालेल्याच्या रक्षणासाठी आहे, आपल्या बाजूची माणसं जमवायला नाही. 1 तीमथ्य 5 मध्ये मंडळीच्या वडिलांवरच्या आरोपालाही तीच अट आहे, पण दोष करतच राहिले तर सर्वांसमक्ष बोल असं आहे, आणि पक्षपात करू नको हेही तिथेच आहे. म्हणजे खुर्ची मोठी तर गुपचूप आणि गरीब असेल तर माइकवर, हे चालायचं नाही. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत बोललं, कारण पेत्र सगळ्यांदेखत यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांपासून वेगळा बसला होता आणि पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला होता.

आणि एक नीट ऐका, घाई आहे तरी. लहान मुलावर अत्याचार, मारहाण, धमकी असल्या गोष्टीत 'आधी एकांतात जा' असं त्या पीडित माणसाला सांगायचं नाही, कधीच नाही. तिथे आधी त्याला सुरक्षित ठेवायचं आणि पोलिसात कळवायचं. मत्तय 18 झाकाझाकीसाठी दिलेलं नाही.

शेवटचं, 2 करिंथ 2. चुकलेल्या माणसाला बहुतेकांनी केलेली शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ही क्षमा पौल अख्ख्या मंडळीला करायला सांगतोय. म्हणून माझी कमिट्यांना विनंती आहे, ज्या माइकवरून नाव खराब झालं त्याच माइकवरून, भरल्या उपासनेत, ते परत द्या.

बेल वाजली. मघाशी त्या ताईंनी हात वर केला होता, आधी त्यांना बोलू द्या.