मधल्या स्टेशनवर उतरा

मंडळी, नमस्कार. तुमच्या हातातल्या पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव 'स्कीइंगच्या गावाचा ऑफ सीझन' असं छापलंय. नाव मीच कळवलं होतं. पण भाषणाची टिपणं काढायला बसलो आणि त्यातला 'ऑफ सीझन' हा शब्द मला टोचायला लागला. आज मी बोलणार आहे ते त्या शब्दाविरुद्धच.

मी बावीस वर्षं परदेशी सहलींचा टूर मॅनेजर होतो. त्यातली निम्मीअधिक वर्षं युरोपच्या ग्रुपबरोबर गेली, आणि युरोपच्या ग्रुपबरोबर म्हणजे स्वित्झर्लंडमधलं माउंट टिटलिस आलंच. तुमच्यापैकी कितीजण टिटलिसला जाऊन आलेत? हात वर करा बरं. बघा, अर्धं सभागृह!

मग तो दिवस तुम्हाला आठवत असेल. ल्युसर्नहून कोच निघते, तासाभरात एंगेलबर्ग येतं. एंगेलबर्ग म्हणजे देवदूतांचा डोंगर. गाव साधारण हजार मीटर उंचीवर. तिथून आठ जणांच्या केबिनमध्ये बसायचं आणि वर निघायचं. वाटेत ट्रुब्झे नावाचं स्टेशन लागतं, दार उघडतं, आपण बसूनच राहतो, दार मिटतं. पुढे श्टांड. तिथे उतरून गोल फिरणाऱ्या मोठ्या केबिनमध्ये जायचं. ही रोटेअर १९९२ साली सुरू झाली, फिरणारी अशी केबल कार जगात पहिलीच. पाच मिनिटांत ती तुम्हाला तीन हजार मीटरच्या वर नेऊन सोडते. मग बर्फ. मग शाहरुख आणि काजोलच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यांबरोबर फोटो. हिमनदीच्या पोटातली गुहा, कड्यावरचा झुलता पूल, जेवण, आणि रिपोर्टिंग टाइमला खाली.

या दिवसाला मी कमी लेखत नाही. साठ वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतलेला मी शेकडो वेळा पाहिलाय. ते तोंड विसरता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण तिथे उन्हाळ्यात जातो आणि उन्हाळा सोडून बाकी सगळं बघून येतो.

आता थोडा इतिहास. ही गावं स्कीइंगची म्हणून जन्मलेली नाहीत. एंगेलबर्गचा बेनेडिक्टाइन मठ ११२० सालचा. आजही तिथे साधू राहतात, मठात चीज होतं, त्यातलं एक तर घंटेच्या आकाराचं. शहरातले लोक एकोणिसाव्या शतकात इथे यायला लागले ते हवापालटासाठी, उन्हाळ्यात. हिवाळ्यात डोंगरातली हॉटेलं बंद असायची. सेंट मॉरिट्झ या दुसऱ्या स्विस गावातल्या एका हॉटेलवाल्याची गोष्ट सांगतात. १८६४ साली त्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात येऊन बघा, ऊन मिळालं नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते आले आणि राहिले. म्हणजे हिवाळा हा मागून आलेला पाहुणा. घर उन्हाळ्याचं.

आणि 'आल्प' हा शब्द घ्या. आपण आल्प्स म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर शिखरं येतात. तिथल्या माणसाला विचारा. आल्प म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी कुरण, जिथे गुरं चरायला नेतात ते. आपल्या गुलमर्गमधला 'मर्ग' म्हणजे तरी काय? कुरणच. दोन्हीकडे लोक बर्फासाठी धावतात आणि दोन्हीकडे नाव गवताचं आहे.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. एका बंद पडलेल्या दिवसाने शिकवलं.

जूनचा शेवटचा आठवडा होता. शाळा सुरू झालेल्या, म्हणून ग्रुप ज्येष्ठांचा, छत्तीस जणांचा. आम्ही ट्रुब्झेपर्यंत पोचलो आणि घोषणा झाली, वरचा टप्पा वाऱ्यामुळे बंद. आल्प्समध्ये दक्षिणेकडून एक कोरडा, उबदार वारा उतरतो, त्याला फ्योन म्हणतात. तो जोरात सुटला की वरच्या केबिन थांबवतात. मी ऑफिसला फोन लावला. पलीकडून एकच विचारणा: टिटलिस झालं नाही तर पर्यटक पैसे परत मागतील, तू काय सांगणार आहेस? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. छत्तीस माणसं, कोच दुपारी तीनला येणार, आणि समोर एक तळं.

ट्रुब्झे म्हणजे गढूळ तळं. हिमनदीने दगड दळून केलेलं पीठ त्याच्या पाण्यात उतरतं म्हणून ते नाव. स्टेशनची उंची १७९६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दीडशे मीटर वर. पण चढ नाही, सपाट वाट, तळ्याला सावकाश प्रदक्षिणा घालायला तासभर लागतो. नाइलाज म्हणून मी सगळ्यांना त्या वाटेवर काढलं. काही रुसलेले, काही सरळ रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसलेले.

ग्रुपमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एक काकू होत्या. घरी गुरं, मुलगा पुण्यात, त्याने हट्टाने पाठवलेल्या. सहलीभर त्या फारशा बोलल्या नव्हत्या. रोमपासून पॅरिसपर्यंत नुसतं बघत होत्या. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला तारेचं कुंपण होतं आणि आत तपकिरी गाई. काकू थांबल्या. पदर खोचला आणि कुंपणाजवळ गेल्या. एक गाय पुढे आली. गळ्यात रुंद चामडी पट्टा, त्याला तांब्याएवढी घंटा. काकूंनी तिच्या मानेवरून हात फिरवत मागे नेला आणि त्यांचा हात हवेत थांबला.

"आगं बया, हिला वशिंडच न्हाई की!"

खरंच नव्हतं. मी त्या गाई दहा-बारा वर्षं बघत होतो, त्यांचे फोटो काढत होतो, पण पाठीवर वशिंड नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कास बघितली, खूर बघितले, तीन गाई गाभण आहेत म्हणाल्या. मग जमिनीकडे बघून म्हणाल्या, "गवत कसं एकसारखं खाल्लंय बघा. पाळीपाळीनं सोडत्यात."

कुंपणाचा खांब ठोकत एक मध्यमवयीन माणूस तिथे काम करत होता. काकू मला म्हणाल्या, "इचारा त्याला, गाभण हायत ना तीन?" मी माझ्या तुटक जर्मनमध्ये विचारलं. तो माणूस हसला, हातोडा खाली ठेवला आणि म्हणाला, चार. त्यानंतरचा पाऊण तास मी नुसता दुभाषा होतो. टूर मॅनेजर म्हणून व्याख्यानं मी आजवर पुष्कळ दिली असतील, पण तसं संभाषण मला पुन्हा घडवता आलेलं नाही.

त्याने सांगितलेलं थोडक्यात सांगतो. जूनच्या मध्याला गुरं वर येतात, सप्टेंबरात खाली जातात. साधारण शंभर दिवस. धनगर जसे पाऊसमान बघून देशावरून कोकणात उतरतात तसंच हे, फक्त इथे प्रवास उभ्या दिशेचा: दरीतून मधल्या कुरणावर, तिथून वरच्या, मग पुन्हा पायरी पायरीने खाली. खालच्या शेतांत तोवर हिवाळ्याचा चारा वाढतो. कुरण अनेक ठिकाणी गावकऱ्यांच्या सामायिक मालकीचं असतं. हिवाळ्यात त्याच उतारावरून स्की करणारे जातात. म्हणून शरदात सगळी कुंपणं उपटून ठेवायची आणि वसंतात पुन्हा ठोकायची. आम्ही त्याला बघितलं तेव्हा तो तेच करत होता. हिवाळ्यात काय करता, असं मी विचारलं. म्हणाला, लिफ्टवर काम करतो. उन्हाळ्यात गुरं आणि हिवाळ्यात लिफ्ट किंवा स्की शिकवणं, असं दुहेरी वर्ष जगणारी माणसं त्या दऱ्यांमध्ये खूप आहेत.

काकूंचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला होता. "गुरं नाही सोडली तर काय व्हईल?"

तो वाकला, कुंपणाबाहेरचं न खाल्लेलं लांब गवत मुठीत धरलं आणि उताराच्या दिशेने आडवं केलं. तळहाताने वरून चोपलं. असं होतं, म्हणाला. लांब गवत पहिल्या बर्फाखाली उताराच्या बाजूला लोळतं, चटईसारखं गुळगुळीत होतं आणि वरचा बर्फ त्यावरून घसरायला लागतो. चरलेल्या कुरणावर आखूड, ताठ खुंट राहतात. ते बर्फाला धरून ठेवतात.

मंडळी, हे कळलं आणि माझा 'ऑफ सीझन' तिथेच संपला. डिसेंबरात लोक ज्या उतारावर स्की करतात तो उतार जुलैत गाई तयार करत असतात. लिफ्टचंही तसंच. शरदात काही दिवस केबल कार बंद ठेवतात, पोलादी दोराची चुंबकीय यंत्राने तपासणी होते, केबिनची पकड, खांबांवरची चाकं एकेक उघडून बघतात. ज्याला आपण रिकामे महिने म्हणतो, ते त्यांचे घाम गाळायचे महिने.

२०२३च्या डिसेंबरात युनेस्कोने स्वित्झर्लंडचा हा आल्पवरचा गुरांचा हंगाम मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. बातमी वाचली तेव्हा मला तो खांब ठोकणारा माणूस आणि काकू दोघंही आठवले.

आता जरा कडू भाग. वरचा बर्फ कमी होतोय. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात सहा टक्क्यांहून जास्त बर्फ गमावला, २०२३मध्ये आणखी चार टक्के. दोन वर्षांत दहा टक्के! १९६० ते १९९० या तीस वर्षांत जेवढा गेला तेवढा. टिटलिसवर उन्हाळ्यात हिमनदीच्या काही भागावर पांढरी जाड कापडं पसरतात, ऊन परतवायला. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तंबू वाटले होते. झाकलेल्या जागी वितळणं साधारण निम्म्यावर येतं, पण अख्खी हिमनदी कापडाने झाकता येत नाही. बर्फ बघायला गेलेल्या आमच्या ग्रुपला मी त्या कापडांबद्दल बरीच वर्षं काही सांगितलं नाही. उत्साह कशाला घालवायचा, असं वाटायचं. ते चुकलं माझं. लोकांना सांगायला हवं होतं, आणि पुढे सांगायला लागलो तेव्हा लोक जास्त वेळ उभे राहून बघायला लागले.

उन्हाळ्यात करण्यासारखं तिथे पुष्कळ आहे. ट्रुब्झेवरून खुर्चीच्या लिफ्टने योखपास गाठा, २२०७ मीटर. तिथून पलीकडे उतरलं की एंग्स्टलेनझे, मग टानेनझे, मग मेल्खझे. ट्रुब्झे धरून चार तळ्यांची वाट. दिवसभराची चाल आहे. आपले सह्याद्रीत फिरणारे लोक ती सहज करतील. खालच्या गेर्शनीआल्पवरून जाड चाकांच्या स्कूटरवर उभं राहून गावापर्यंत उतरता येतं. त्याला मोटर नसते, फक्त उतार आणि ब्रेक. नातवंडं बरोबर असतील तर हे आधी करा.

ज्येष्ठांना मी मात्र दरीच्या दुसऱ्या, उन्हाच्या बाजूला पाठवतो. तिथे ब्रुन्नी आहे. वर एक छोटं तळं आणि त्याच्याभोवती अनवाणी चालायची वाट. किट्झेलफाड म्हणतात, म्हणजे गुदगुल्यांची वाट. गोटे, लाकडाचा भुसा, चिखल, गार पाणी, सगळ्यावरून पाय जातात. ज्यांचं बालपण चपलेशिवाय गेलं ती माणसं तिथे हसायला लागतात.

महिन्यांचं तेवढं नीट लक्षात ठेवा. आपण मेच्या सुट्टीत जातो. मेमध्ये ट्रुब्झेच्या काठाला अजून बर्फ असतो, गुरं आलेली नसतात, वाटा ओल्या असतात. गवत, फुलं आणि घंटा हव्या असतील तर जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत जा. निळं जेन्शियन फूल गवतात इतकं बुटकं असतं की गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. आणि शीळ ऐकू आली तर माणूस शोधू नका. ते मार्मोट असतात, खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी. धोका दिसला की शीळ घालून बिळात पळतात.

नोकरी सोडल्यावर मी एकटा पुन्हा गेलो होतो. एंगेलबर्ग ज्यात येतं त्या ओब्वाल्डन कॅन्टनमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, एका आल्पवर मुक्काम केला. संध्याकाळी दूध काढून झाल्यावर गुराखी बाहेर आला, हातात लाकडी नरसाळं, दूध गाळायचं असतं तसं. ते तोंडाशी धरून त्याने दरीकडे तोंड केलं आणि लांब सुरात प्रार्थना म्हटली. माणसं, गुरं, कुरण, सगळ्यांचं रात्री रक्षण व्हावं म्हणून. जिथवर आवाज पोचतो तिथवर आशीर्वाद पोचतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रुब्झेला गेलो आणि स्टेशनबाहेरच्या बाकावर चहा घेत बसलो. केबिन येत होत्या. एकीचं दार उघडलं, आत मराठी ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, "इथे नाही, अजून वर." मी उठून हात केला, "उतरा, उतरा!" म्हणून ओरडलो. दार मिटत होतं. एक बाई काचेतून माझ्याकडे, मग माझ्यामागे तळ्याकडे बघत राहिल्या, केबिन वर जाईपर्यंत.